ही बाई भांडतेय कोणाशी?

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ तुमच्याही सिलॅबसला असेल, तर आधी एक कबुली देते. सेकंड इयरला ते वाचताना मी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘भाषा भडक. मुद्दे नुसते उड्या मारतात.’ ट्यूटोरियलमध्येही तेच उतरवलं. सरांनी मार्क दिलेच नाहीत. खाली एक प्रश्न लिहून वही परत दिली : ‘ही बाई भांडतेय कोणाशी?’

मला वाटलं होतं, समस्त पुरुषजातीशी. लायब्ररीत दोन दुपारी घालवल्यावर कळलं, प्रकरण वेगळंच आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळून काळं पाणी ठरलं. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. ‘पुणे वैभव’नं तर समस्त बायकांच्या वागण्यावरच तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात बसून ताराबाई हे सगळं वाचत होत्या. १८८२ मध्ये त्यांचं उत्तर पुण्यात छापून आलं.

आता जरा मागे जा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे कागदावर वाट मोकळी, घरात दार बंद. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. असं घर काढावं लागतं, याचा अर्थ विजयालक्ष्मी काही एकटी नव्हती.

एवढं डोक्यात ठेवून पुस्तक पुन्हा उघडा. मला ज्या ‘उड्या’ वाटल्या होत्या, ती उलटतपासणी आहे. बायकांवर पूर्वापार होणारे आरोप ताराबाई एकेक करून उचलतात आणि विचारतात, हा दोष तुमच्यात नाही का? समोर फाशीची शिक्षा झालेली बाई असताना त्यांनी सौम्य भाषेत लिहायला हवं होतं, असं तुम्हाला अजून वाटतंय? मी पेन्सिलीची ती ओळ खोडून टाकली.

(जाता जाता : परीक्षेत ‘लेखक परिचय’ म्हणून जन्मगाव, जन्मसाल वगैरे आपण घोकतो ना, त्याला संदर्भ म्हणत नाहीत. त्यानं पान भरतं, बस्स.)

सरांचा प्रश्न पुढे माझ्याच लिखाणावर उलटला. कॉलेजच्या अंकासाठी मी होस्टेलच्या आठ वाजताच्या गेटवर लेख लिहीत होते. ‘अन्याय’, ‘मानसिकता’, ‘पुरुषप्रधान व्यवस्था’ असे सगळे जड शब्द झाले. पण मी भांडत होते कोणाशी? मग गेटवरच्या काकांना विचारलं, ही वेळ ठरवली कधी? ते म्हणाले, ‘अगं, तेव्हा शेवटची एसटी साडेसातला यायची. त्यानंतर मुली येणार कशानं?’

आता शेवटची गाडी नऊला येते, आणि लायब्ररीही तोवर उघडी असते. नियमाचं कारण केव्हाच संपलं होतं, नियम तेवढा राहिला होता. लेख निम्म्यानं कमी झाला. जड शब्द आपोआप गळाले; एसटीचं वेळापत्रक, लायब्ररीची वेळ आणि काकांचं वाक्य उरलं. समितीच्या बैठकीत तो वाचला गेला, तेव्हा वाद घालायला फारसं कोणाकडे काही नव्हतं.

गेट आता साडेनऊला बंद होतं. आपलं जेवण उशिरा होतं, हे काका मला अजून ऐकवतात.