लाडका मुष्टियोद्धा हरतो तेव्हा

फिलिपिन्समध्ये मॅनी पॅकियाओची लढत म्हणजे रविवारचा कार्यक्रम. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा तिकडे रविवारची दुपार व्हायला आलेली असते. चर्चमधली प्रार्थना आटोपून लोक चित्रपटगृहात, व्यायामशाळेत, चौकात लावलेल्या पडद्यासमोर जमायचे. रस्ते ओस पडायचे. आठ वेगवेगळ्या वजनगटांत जागतिक विजेतेपद मिळविणारा हा जगातला एकमेव मुष्टियोद्धा. गरिबीतून वर आलेला. त्याला तिकडे 'पंबान्सांग कामाओ' म्हणतात, म्हणजे राष्ट्राची मूठ.

९ डिसेंबर २०१२ च्या रविवारी हा माणूस लास व्हेगासच्या रिंगणात तोंडावर पडला. सहावी फेरी संपायला एकच सेकंद उरला होता. मेक्सिकोच्या युआन मॅन्युएल मार्केझचा उजव्या हाताचा ठोसा बसला आणि पॅकियाओ बराच वेळ हललाच नाही. रिंगणाबाहेर त्याची पत्नी रडत होती. पाचच दिवस आधी 'पाब्लो' वादळाने त्याच्या मिंडानाओ बेटाची धूळधाण केली होती, हजारावर माणसे गेली होती. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडील बरीच मुले-मुली डॉक्टर होण्यासाठी दाव्हाओला जातात. कोकणातली मुले जहाजांवर फिलिपिनो खलाशांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. पॅकियाओ हरला त्या दिवशी त्या सोबत्याशी काय बोलावे, हा प्रश्न त्यांना पडतो. आणि त्याचे उत्तर बरेचसे वैद्यकशास्त्रात आहे.

माणूस ठोशाने बेशुद्ध पडतो म्हणजे नेमके काय होते? घट्ट दह्याचे मडके एकदम झटक्याने फिरवून पाहा. मडके फिरते, दही मागे राहते. मेंदू तसाच मऊ असतो आणि कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. हनुवटीवर ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते, मेंदू मागे राहतो आणि त्याचे केसाहून बारीक तंतू ताणले जातात. शुद्ध राखणाऱ्या भागाचे काम क्षणभर बंद पडते. हनुवटीचा ठोसा इतका घातक का, याचे उत्तर या फिरण्यात आहे. डोक्याला घातलेले जाड कवच कातडी फाटण्यापासून वाचवते, पण आतले हे फिरणे थांबवत नाही.

त्या रात्री पॅकियाओला रुग्णालयात नेऊन डोक्याचे स्कॅन काढले, त्यात रक्तस्राव आढळला नाही. चाहत्यांना हायसे वाटले. पण एक गोष्ट समजून घ्यावी. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाची मोड दिसते. ताणलेले तंतू दिसत नाहीत. 'स्कॅन नॉर्मल' म्हणजे 'मेंदूला काही झाले नाही' असे नव्हे.

अशा माणसाजवळ पहिले चोवीस तास कोणीतरी जागते, भानावर असलेले माणूस हवे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून नीट उठवता येईना, बोलणे अडखळू लागले, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, फिट आली, तर तडक रुग्णालय गाठावे. झोपू द्यायचेच नाही हा समज मात्र चुकीचा आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठविल्यावर झोप घेऊ द्यावी, मध्ये मध्ये पाहत राहावे. दारू नको, मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या नकोत. आणि ज्याची शुद्ध हरपली होती त्याला बहुधा तो ठोसा आठवतच नसतो. तेव्हा 'तुला तो दिसला कसा नाही रे?' हा प्रश्न निर्दयपणाचा तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे.

आता चाहत्यांच्या सर्वांत आवडत्या मागणीकडे येऊ. 'पुन्हा लढव, लगेच लढव!' मार्केझशी पाचव्यांदा लढत व्हावी म्हणून तेव्हा मोठा गलका झाला. ती लढत झाली नाही, आणि एक डॉक्टर म्हणून मला त्यात काही वाईट वाटत नाही. मेंदूची पहिली इजा भरून येण्यापूर्वी दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि जीवावर बेतते. अशा पराभवानंतर काही आठवडे ते काही महिने रिंगणात उतरू देत नाहीत, ते यासाठीच. डोकेदुखी थांबली, बरे वाटू लागले, तरी आतले भरून आलेले असेलच असे नाही. पुढचा धोका तर सावकाश येतो. वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या चालीत, बोलण्यात, स्मरणात बिघाड होतो, हे अमेरिकेतील डॉक्टर मार्टलँड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. पॅकियाओचे गुरू फ्रेडी रोच हे स्वतः पूर्वी मुष्टियोद्धे. त्यांना पुढे पार्किन्सनचा आजार जडला. हात कापणारा गुरू शिष्याला पवित्रे शिकवतो, हे दृश्य चाहत्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाहिले, पण त्याचा अर्थ किती जणांनी लावला?

पॅकियाओने त्या वेळी सुमारे साडेअकरा महिने विश्रांती घेतली. २४ नोव्हेंबर २०१३ रोजी तो मकाव येथे ब्रँडन रिओसविरुद्ध उतरला, बाराही फेऱ्या खेळला आणि जिंकला. त्याच महिन्यात आलेल्या 'योलांडा' वादळाच्या पीडितांना त्याने तो विजय अर्पण केला. हे वर्ष वाया गेले असे म्हणणाऱ्यांना काय सांगावे!

फिलिपिन्सला याहून जुना आणि कडू अनुभव आहे. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जिमी वाइल्डला हरवून पांचो व्हिला जगज्जेता झाला. हा मान मिळविणारा तो पहिला आशियाई. ४ जुलै १९२५ रोजी दाढेच्या दुखण्याने तोंड सुजलेले असतानाही तो कॅलिफोर्नियात जिमी मॅक्लार्निनशी लढला आणि गुणांवर हरला. विश्रांती घे, या सल्ल्याकडे त्याने दुर्लक्ष केले. दाढेचा पू गळ्यात उतरला आणि १४ जुलैला तो गेला. वय अवघे तेवीस. तेव्हा आजच्यासारखी प्रतिजैविके नव्हती हे खरे. पण 'आज लढू नकोस, लोक समजून घेतील' असे ठामपणे सांगणारे त्याच्याभोवती कोणी असते तर?

पराभव पचविण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे सबबी शोधणे. पंच विकले गेले, हवामान बाधले, कोणी करणी केली. कधी तक्रारीत तथ्यही असते. जून २०१२ मध्ये टिमोथी ब्रॅडलीविरुद्धचा निकाल अनेक जाणकारांना पटला नव्हता. संघटनेने नेमलेल्या पाचही पंचांनी ती लढत पुन्हा पाहून पॅकियाओच्या बाजूने कौल दिला, निकाल मात्र बदलला नाही. मे २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदरकडून हरल्यावर त्याच्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटल्याचे कळले आणि चार दिवसांत शस्त्रक्रिया झाली. काहींनी त्याला 'बहाणेबाज' म्हटले, काहींनी 'खांदा धड असता तर दाखवलेच असते' म्हणून टेबले बडवली. दोघांनीही खांद्याची विचारपूस केली नाही. असा खांदा शिवल्यावर हात पूर्ववत व्हायला महिने लागतात, ही खरी बातमी होती.

चाहत्याच्या शरीराचेही थोडे बोलू. २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जर्मनीचा सामना असे त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीच पटींहून अधिक झाले, असे तेथील डॉक्टरांना आढळले. ज्यांना आधीपासून हृदयरोग होता त्यांना धोका जास्त. सामना संपल्यावर नाही, तर सुरू झाल्यापासून दोन तासांत गर्दी सर्वाधिक. तेव्हा रक्तदाबाची सकाळची गोळी लढतीच्या गडबडीत चुकवू नये. मधुमेह्याने उपाशी बसू नये. छातीत दडपण, डाव्या हाताला कळ, घाम असे काही झाले तर 'ही फेरी संपू दे' म्हणत थांबू नये.

मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'तो हरला' म्हणायची माणसाची खोड मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच अमेरिकी विद्यार्थ्यांत टिपली आहे. फिलिपिनो सोबत्याजवळ बसल्यावर ही खोड तेवढी आवरावी. सारखी ती फीत पुन्हा पाहू नये, त्याला दाखवू नये. चेष्टेची चित्रे तर नकोतच. मार्केझच्या त्या ठोशानंतर जगभर अशी चित्रे फिरली आणि त्या माणसाच्या मुलाबाळांनीही ती पाहिली असतील. प्रतिस्पर्ध्याचे नाव आदराने घ्यावे. 'कसा आहे तो आता?' एवढे विचारले तरी समोरचा मोकळा होतो. तिकडचे चाहते पराभवानंतरही त्याला 'सलामत' म्हणतात. त्यांच्या भाषेत याचा अर्थ धन्यवाद. आपल्याकडे सलामत म्हणजे सुखरूप. मूळ अरबी शब्द एकच, आणि मला तरी दोन्ही अर्थ या प्रसंगाला साजेसे वाटतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये योर्देनिस उगासकडून हरल्यावर पॅकियाओने निवृत्ती जाहीर केली. तरी १९ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो पुन्हा उतरला आणि मारिओ बॅरिओसशी बरोबरी साधली. कौतुकाचा वर्षाव झाला, तो साहजिकही होता. परंतु वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, कवटी आणि मेंदू यांमधल्या शिरा ताणल्या जातात आणि तिशीत सोसलेला ठोसा पुढे त्याच शिरा फोडू शकतो. चाहते 'आणखी एक लढत' मागतात तेव्हा ते या शिरांवरचा ताण मागत असतात, याची कल्पना फार थोड्यांना असते.