अपघातातील दुखापतीची नुकसानभरपाई : रक्कम कशी काढतात?

रस्त्यावरील अपघातात कोणी जखमी झाले की घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "भरपाई किती मिळेल?" उत्तर बहुधा ऐकीव असते. कोणी म्हणते, पाय गेला तर इतके लाख. पण कोणत्या अवयवाला किती रुपये, असा दरफलक मोटार वाहन कायद्यात नाही. 1988 च्या या कायद्याचे कलम 168 न्यायाधिकरणाला 'न्याय्य' भरपाई ठरवायला सांगते. न्याय्य म्हणजे किती, याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून घडत गेला. तो हिशेब या पाठात पाहू. बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणालाही तो करता येतो.

1. भरपाईचे दोन भाग

मुंबईतील एका वकिलांचे कमरेखालचे शरीर अपघातात लुळे पडले. 'आर. डी. हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे दोन भाग स्पष्ट केले.

पहिला भाग आर्थिक नुकसानीचा. यात औषधोपचार, प्रवास व सकस आहाराचा खर्च, उपचार चालू असताना बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई आणि पुढील उपचारांचा खर्च येतो.

दुसरा भाग पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीचा. यात वेदना व मानसिक यातना, जगण्यातील सुखसोयी गमावणे आणि आयुर्मान घटणे हे येते. चालणे, खेळणे, लेकराला उचलून घेणे हे ज्याचे गेले, त्याच्यासाठी हा भाग आहे. त्याला सूत्र नाही. न्यायाधिकरण परिस्थिती पाहून रक्कम ठरवते.

झालेला खर्च बिलांवरून काढता येतो. सर्वात मोठा आकडा बहुधा भविष्यातील कमाईचा असतो आणि वादही तिथेच होतो.

2. भविष्यातील कमाईचे सूत्र

नुकसान = वार्षिक उत्पन्न (भविष्यातील वाढीसह) × गुणक × कमाईची क्षमता घटल्याची टक्केवारी

गुणक वयावरून ठरतो. 2009 च्या 'सरला वर्मा' निकालातील तक्ता असा :

15 ते 25 वर्षे – 18
26 ते 30 – 17
31 ते 35 – 16
36 ते 40 – 15
41 ते 45 – 14
46 ते 50 – 13
51 ते 55 – 11
56 ते 60 – 9
61 ते 65 – 7
66 ते 70 – 5

तुम्ही विचाराल, 32 वर्षांचा माणूस साठीपर्यंत 28 वर्षे कमावेल, मग गुणक 16 का? कारण पैसा आज एकरकमी मिळतो आणि त्यावर व्याज मिळते. शिवाय आयुष्यातील अनिश्चितताही धरावी लागते. अभियांत्रिकी अर्थशास्त्रात वर्तमान मूल्य शिकला असाल, तर करून पाहा. दरवर्षी 1 रुपया असा 28 वर्षे मिळणार असेल आणि व्याजदर साडेचार टक्के धरला, तर आजचे मूल्य 16 रुपयांच्या जवळपास येते. न्यायालयाचा तक्ता या गणितातून काढलेला नाही, पण त्यामागची कल्पना यावरून समजते.

उत्पन्नातील भावी वाढीचे प्रमाण 2017 च्या 'प्रणय सेठी' निकालाने ठरवले. कायम नोकरी असेल तर 40 वर्षांखाली 50 टक्के, 40 ते 50 मध्ये 30 टक्के, 50 ते 60 मध्ये 15 टक्के. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असेल तर अनुक्रमे 40, 25 आणि 10 टक्के. तो खटला मृत्यूचा होता. मात्र 2018 मध्ये दोन्ही हात निकामी झालेल्या एका तरुण सुताराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने दुखापतीतही ही वाढ दिली.

एक फरक लक्षात ठेवा. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नातून वजावट होते. दुखापतीत ती होत नाही, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे.

3. उदाहरण

हे उदाहरण काल्पनिक आहे. रायपूरच्या तात्यापारा भागात राहणारा 32 वर्षांचा टर्नर उरला औद्योगिक क्षेत्रातील एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतो. पगार दरमहा 15,000 रुपये, नोकरी कायम नाही. रविवारी बाजारातून परतताना तात्यापारा चौकात मालवाहू गाडीने त्याच्या स्कूटरला धडक दिली. डाव्या पायाचे 45 टक्के कायमचे अपंगत्व, असे प्रमाणपत्र मिळाले.

वार्षिक उत्पन्न : 15,000 × 12 = 1,80,000
40 टक्के वाढीसह : 2,52,000
गुणक 16 लावून : 40,32,000

आता या रकमेला कोणत्या टक्केवारीने गुणायचे? 45 ने? इथेच बहुतेकांची गल्लत होते.

4. प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि सूत्रातली टक्केवारी

प्रमाणपत्रावरचे 45 टक्के त्या पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचे नाहीत. आणि शरीराची टक्केवारी म्हणजेही कमाईची टक्केवारी नव्हे. 2010 च्या 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितले. त्या खटल्यातही एका पायाचे 45 टक्के अपंगत्व होते. दावेदार पनीर विकत असे आणि तो धंदा त्याला पुढेही करता येण्यासारखा होता. न्यायालयाने कमाईतील घट 20 टक्के धरली.

त्याच निकालानुसार न्यायाधिकरणाने तीन गोष्टी पाहायच्या : अपंगत्व असूनही माणूस कोणती कामे करू शकतो, अपघातापूर्वी त्याचे काम काय होते, आणि आता तो तेच काम करू शकेल, कमी मोबदल्याचे दुसरे काम करू शकेल, की काहीच करू शकणार नाही.

आमचा टर्नर आठ-आठ तास उभा राहून काम करतो. त्याची घट 40 टक्के धरली तर रक्कम 16,12,800 होते. तीच दुखापत टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्याला झाली आणि घट 10 टक्के ठरली, तर तेवढ्याच उत्पन्नावर 4,03,200. पाय तोच, प्रमाणपत्र तेच, रक्कम चौपट. उदाहरणात एका टक्क्याची किंमत 40,320 रुपये आहे.

याउलटही घडते. 2020 च्या एका खटल्यात हात गमावलेल्या टंकलेखकाची घट उच्च न्यायालयाने 45 टक्के धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 65 टक्के केली. म्हणून नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही. उपचार किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि कामाचे नेमके स्वरूप सांगणारा पुरावा लागतो. "कारखान्यात नोकरी" असे लिहिणे आणि "लेथवर उभे राहून काम" असे लिहिणे, यांत लाखो रुपयांचा फरक पडू शकतो.

5. बाकीच्या रकमा

कायम मदतनीस लागत असेल तर त्याचा खर्चही गुणकाने काढतात. 2020 मध्ये 12 व्या वर्षी जखमी झालेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा 5,000 रुपयांप्रमाणे दोन मदतनीस आणि 18 चा गुणक धरून 21,60,000 रुपये दिले.

जखमीचीही अंशतः चूक असेल तर तेवढे टक्के एकूण रकमेतून वजा होतात. मंजूर रकमेवर कलम 171 नुसार व्याज मिळू शकते.

6. दावा कुठे आणि कधी

दावा अपघाताच्या ठिकाणी, दावेदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी दाखल करता येतो. पुण्यात शिकणारा रायपूरचा विद्यार्थी पुण्यात जखमी झाला तरी रायपूरला दावा करू शकतो. तिथे या न्यायालयाला हिंदीत 'मोटर दुर्घटना दावा अधिकरण' म्हणतात. त्यावरील अपील बिलासपूरच्या उच्च न्यायालयात जाते. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल, पगाराची पावती, बँकेचे पासबुक आणि रजेची नोंद जपून ठेवा. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतन धरते आणि सूत्रातील पहिलाच आकडा घटतो. पुढे सगळे गुणाकारच आहेत, त्यामुळे उत्तरही त्याच प्रमाणात घटते.

सराव

44 वर्षांचा शिंपी, स्वतःचे दुकान, उत्पन्न दरमहा 12,000 रुपये. उजव्या हाताच्या दुखापतीमुळे कमाईची क्षमता 30 टक्के घटली. भविष्यातील कमाईचे नुकसान काढा.

उत्तर : 1,44,000 मध्ये 25 टक्के वाढ धरून 1,80,000; × 14 = 25,20,000; त्याचे 30 टक्के = 7,56,000 रुपये.

आता विचार करा : हाच माणूस शिंपी नसून शाळेत मराठी शिकवत असता, तर वरीलपैकी कोणता आकडा बदलला असता? आणि तो बदल योग्य की अयोग्य हे सिद्ध करायला तुम्ही कोणते कागद आणि कोणता साक्षीदार आणाल?