मोठे टोमॅटो का तडकतात?

परसातल्या झाडावरचा सर्वांत मोठा टोमॅटो पिकत आलेला असतो. तुम्ही 'उद्या तोडू' म्हणता आणि सकाळी पाहता, तर तो देठाजवळ तडकलेला! शेजारचे लहान टोमॅटो मात्र धड असतात. असे का व्हावे?

टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असते. हे पाणी सालीला आतून बाहेर ढकलत असते. आता फळाचे मधोमध दोन अर्धगोल कल्पा. त्यांना दूर लोटणारे बल मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, तर त्यांना धरून ठेवणारी साल त्या वर्तुळाच्या परिघावरच असते. त्रिज्या दुप्पट केली, की क्षेत्रफळ चौपट होते. परीघ मात्र दुप्पटच. म्हणजे आतला दाब आणि सालीची जाडी तीच राहिली, तर मोठ्या फळाच्या सालीवर दुप्पट ताण पडतो.

तरीही २०२० साली अमेरिकेतील वॉला वॉला येथे ४.८९६ किलोग्रॅमचा विक्रमी टोमॅटो पिकला! त्यासाठी मोठ्या फळाची जात हवी, झाडावर फळे मोजकी हवीत आणि पाणी नियमित हवे.

आपली अडचण पाण्याचीच. महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण उतारावरची तांबडी माती पाणी फार काळ धरत नाही. उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मग झाड चार-आठ दिवस कोरडे राहते आणि एखाद्या दिवशी हंडाभर पाणी मिळते. गर झपाट्याने फुगतो; साल तितक्या वेगाने वाढू शकत नाही आणि तडकते.

म्हणून पावसाळा सरल्यावर रोपे लावा. घोसात दोन-तीनच फळे ठेवा. बुंध्याभोवती भाताचा पेंढा पसरा. ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि ओल टिकते. भांडी धुतलेले, साबण नसलेले पाणीही चालेल.

आता एक प्रयोग करा. एकाच जातीची दोन झाडे घ्या. दोघांना आठवड्याला सारखेच पाणी द्या. एकाला रोज थोडे थोडे, दुसऱ्याला एकदम. प्रत्येक फळाचे वजन आणि तडे वहीत नोंदवा. हंडा तोच असूनही फळे वेगळी का, हे तुमची वहीच सांगेल.