वाढतं शहर, लेखांक ६ : कंटेनर गेले, ढीग राहिले

गंगाधाम चौकातून रिक्षानं अप्पर डेपोकडे निघालं की बिबवेवाडीची दोन रूपं एकाच खेपेत बघून होतात. अलीकडे मोठ्या सोसायट्या. त्यांच्या फाटकापुढे सकाळी नऊनंतर कचऱ्याचा मागमूस नसतो. पलीकडे इंदिरानगरच्या वस्त्या. तिथे डीपीच्या मागे, बंद टपरीच्या आडोशाला काळ्या पिशव्यांचा ढीग, तो उकरणारी कुत्री आणि वर कुणीतरी टाकून दिलेली गादी. यावर सोसायटीवाल्यांचं मत ठरलेलं असतं : तिकडची माणसंच तशी. हे मत खोडून काढण्यासाठी हा आठवडा.

आधी कचरा घरातून निघतो तो कसा, ते पाहू. पुण्यातल्या लाखो घरांचा कचरा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक गोळा करतात. संस्थेचं मूळ १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहे. शेजारच्या मार्केट यार्डातल्या हमालांना उभं करणारे डॉ. बाबा आढाव या पंचायतीच्याही पाठीशी होते. २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला आणि उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या बायका हक्कानं दारात येऊ लागल्या.

काम बघण्यासारखं असतं. ताई बकेट घेऊन जिने चढते, ओला-सुका वेगळा घेते आणि ढकलगाडी फीडर पॉइंटला नेते. तिथे खाली बसून सुक्याची निवड सुरू होते. दुधाच्या पिशव्या एका गोणीत, पुठ्ठा दुसरीत, पाण्याच्या बाटल्या तिसरीत. भंगाराचे पैसे तिचे, उरलेलं महापालिकेच्या गाडीत. निवडण्यात तिचीच कमाई असल्यानं ते मन लावून होतं. त्यासाठी वर मुकादम लागत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही मोहीमसुद्धा याच बायकांच्या हातांसाठी निघाली. आजही किती घरांतून ठिपका काढला जातो, हे ज्यानं त्यानं आपल्या डब्यात पाहावं.

पण ही साखळी दोन गोष्टी गृहीत धरते. ताई येते तेव्हा घरात कुणीतरी असतं आणि तोवर दोन डबे ठेवायला जागा असते. सोसायटीत दोन्ही आहेत. नसेल तर वॉचमन आहे. दहा बाय दहाच्या खोलीत ओल्या कचऱ्याचा डबा दिवसभर कुठे ठेवणार? घरकामाला जाणाऱ्या बायका सातला बाहेर पडतात, यार्डात कामाला जाणारे पहाटेच. ढकलगाडी येते तेव्हा दाराला कुलूप.

पूर्वी अशा घरांना कंटेनर होता. तो ओसंडायचा, घाण वास मारायचा, त्याच्याभोवती जनावरं जमायची. शहर कंटेनरमुक्त करण्याचा निर्णय म्हणूनच बरोबर होता. पण कंटेनर एक सोय देत होता : कधीही या आणि टाका. कंटेनर उचलला, ती सोय मात्र दुसऱ्या कशानंही भरून निघाली नाही. लोक त्याच कोपऱ्यावर येत राहिले. महापालिकेच्या भाषेत तो आता ‘क्रॉनिक स्पॉट’. सकाळी ढीग उचलायचा, रांगोळी काढायची, कुंड्या मांडायच्या. रात्री पिशवी थेट कुंडीत. शिवाय ढिगात जरा निरखून पाहा. शहाळी, चायनीजच्या गाडीवरचे डबे, हॉटेलातलं उरलेलं अन्न. हे काही वस्तीच्या चुलीवरून आलेलं नसतं. दुचाकीवरून जाता जाता भिरकावलेल्या पिशवीचा पत्ता कुणी विचारत नाही, बोल मात्र वस्तीला लागतो.

एकदा ढीग झाला की तो वाढतो, यालाही आधार आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एका गल्लीत सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद रस्त्यावर टाकला; त्याच भिंतीवर रेघोट्या ओढल्यावर ६९ टक्क्यांनी. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. गल्ली तीच, गावही तेच. फरक फक्त भिंतीच्या रूपात. शिस्तप्रिय डच माणसाची ही गत, तर आपण कुठे!

दंडाचा मार्ग पुण्यानं चोखाळला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड करून वर डाग पुसायला लावण्याची मोहीम निघाली, तिच्या पहिल्या काही भागांत बिबवेवाडी होती. बातमी देशभर गाजली. पुढच्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात पुणे दहाव्या क्रमांकावरून ३७ व्या क्रमांकावर घसरलं. त्यानंतर १५ आणि २०२१ मध्ये पाचवं. या क्रमांकांवर माझा फारसा विश्वास नाही. कागदपत्रांना आणि ऐन पाहणीच्या दिवसांतल्या रंगरंगोटीला त्यात बरंच मोल असतं. पण दंडानं पिचकारी थांबेल, कुलूपबंद घरातला ओला कचरा नाही थांबणार, एवढं उघड आहे.

साखळीचं दुसरं टोक उरुळी देवाची आणि फुरसुंगीत आहे. शहराचा कचरा तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर पडला. विहिरी नासल्या, वासानं जगणं मुश्कील झालं. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. तीनेक आठवडे पुण्यात जागोजागी ढीग साचले, चकचकीत सोसायट्यांच्या फाटकांपुढेही. तेव्हा ‘तिकडची माणसं’ नेमकी कुठली, हे कुणालाच सांगता येईना. त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत आली आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला.

२०२१ मध्ये २३ गावं आणखी आली आणि पुणे क्षेत्रफळानं राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. या गावांतही अशाच चिंचोळ्या गल्ल्या आहेत, अशीच सातला कुलूप लागणारी घरं आहेत. तिथे सकाळची एकच फेरी ठेवली, तर बिबवेवाडीतले ढीग तिथेही दिसतील.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या भागातल्या आरोग्य कोठीवर एकदा जा. कुंड्या आणि फलक मागू नका, कंटेनर परत आणा असंही म्हणू नका. वस्तीसाठी संध्याकाळी सात ते नऊ अशी दुसरी फेरी मागा, ती करणाऱ्या ताईसाठी वेगळं शुल्क मागा, आणि हा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर द्या.

(पुढील लेखांकात : पाडलेल्या इमारतींचा राडारोडा)