श्लोक आणि दाबमापक

‘हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच लिहून ठेवलंय’ हे वाक्य योगशिबिरांत हमखास कानावर पडते. त्यावर वाद घालायला पौराणिक विमानांपर्यंत जायची गरज नाही, लोणावळा पुरे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. हठयोगाचे ग्रंथ त्यांना पूज्य होते. तरीही त्यातली विधाने क्ष-किरण यंत्रापुढे आणि दाबमापकापुढे ठेवायला ते कचरले नाहीत.

समज: क्रिया ग्रंथात आहे, म्हणजे तिच्यामागचे विज्ञानही ग्रंथात आहे.

बस्तीचे उदाहरण घ्या. साधारण पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत नाभीपर्यंत पाण्यात उत्कटासनात बसून, नळी वापरून, गुदाच्या आकुंचनाने आतडे धुण्याची रीत दिली आहे. क्रिया साधते, हे साधकांना माहीत होतेच. पण पाणी वर चढते कशाने? कुवलयानंदांनी नौलीच्या (पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याच्या क्रियेच्या) वेळी मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. पाणी आत खेचले जाते ते या दाबातल्या फरकामुळे. कमी दाबाच्या या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, परमहंस माधवदासांचे, नाव दिले. श्रेय कोणाला द्यायचे, हे इथे नीट पाहावे. पोटाच्या स्नायूंवरची ती विलक्षण हुकमत परंपरेची, पण हवेच्या दाबाची कल्पना त्या श्लोकात नाही. ती दाबमापक लावल्यावर आली. मला यात परंपरेचा कमीपणा दिसत नाही. स्वतः कुवलयानंदांनाही दिसला नसावा, नाहीतर पोकळीला गुरूंचे नाव कशाला दिले असते?

समज: प्राणायामाने शरीरात भरपूर ऑक्सिजन साठतो.

हा समज तर आजही दर सकाळी टीव्हीवर सांगितला जातो. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासातच 95 टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते, त्यामुळे वर घालायला जागा फारशी उरत नाही. कुवलयानंदांनी स्वतःच मोजमाप करून ‘जास्त ऑक्सिजन’ हे प्राणायामाचे मर्म नव्हे, असे मांडले. त्यांच्या लेखी महत्त्व होते मज्जासंस्थेवरच्या परिणामाला. म्हणजे ज्याचा आधार घेऊन दावा करायचा, त्यानेच तो दावा खोडलेला!

समज: योगी हृदय थांबवतात.

वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले संशोधक 1957 मध्ये भारतभर फिरून योग्यांच्या चाचण्या घेत होते. दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह त्यांचा अहवाल 1961 मध्ये आला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि मनगटावरची नाडी हाताला लागेनाशी होते. ठोके मात्र विद्युत-आलेखावर चालूच होते. भूमिगत समाधीच्या दाव्याचीही अशीच तपासणी झाली. पुढे 1968 मध्ये कैवल्यधामच्या करंबेळकर, विणेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून केलेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीच्या खड्ड्यातली हवा मोजायची, हे धाडस भक्ताचे की संशयी माणसाचे? बहुधा दोघांचेही.

समज: चक्रे म्हणजेच आजच्या शरीरशास्त्रातल्या नसांची जाळी.

मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी 1927 च्या इंग्रजी पुस्तकात चक्रांतून वर चढते असे मानली जाणारी कुंडलिनी म्हणजे व्हेगस ही नस, असे मांडले. तंत्रग्रंथांचे अभ्यासक जॉन वुड्रफ यांनी त्याच पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तिथेच आपला मतभेदही नोंदवला. त्याच्या कितीतरी आधी दयानंद सरस्वतींनी नदीतून वाहत आलेले प्रेत चिरून पुस्तकातली चक्रे शोधली होती. ती सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी ती पुस्तकेही प्रेतासोबत पाण्यात सोडली, असे त्यांच्या आत्मकथनात आहे. चक्रे ध्यानाचा नकाशा म्हणून वाचली तर अडचण येत नाही. अडचण येते ती त्यांना नसेचे नाव चिकटवल्यावर, कारण मग ते विधान चिरफाडीने तपासता येते.

राहिला ‘ग्रंथात आहे’ हा शेवटचा आधार. कोणत्या पोथीत, असे विचारले तर तोही डळमळतो. हठप्रदीपिकेच्या प्रचलित प्रतींत चार उपदेश, म्हणजे अध्याय, असतात. कैवल्यधामने 1970 मध्ये स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांच्या संपादनाखाली काढलेल्या आवृत्तीत पाच आहेत. हा पाचवा उपदेश चुकीच्या अभ्यासातून उद्भवणाऱ्या विकारांवर आणि त्यांच्या उपचारांवर आहे.