जुन्या ट्रकचा सेल्फ बदलताना

नेरळहून माथेरानकडे जाणारा माल दस्तुरीपर्यंतच मोटारीने जातो. त्या चढावर भरलेली गाडी बंद पडली तर चार माणसांच्या धक्क्याने काही होत नाही. म्हणून सेल्फ, म्हणजे स्टार्टर, हा गाडीमालकाच्या रोजीचा प्रश्न आहे.

सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबला की मालक नवा घ्यायला निघतो. आमचे म्हणणे, आधी बॅटरी पाहा. 12 व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरी 9.5 व्होल्टच्या खाली उतरत असेल तर दोष बहुधा तिचाच. ती ठीक असेल तर अर्थिंगची पट्टी तपासा. पावसाळ्यात गंजते ती, बदनाम होतो सेल्फ.

सेल्फच गेला असेल तर जुना खोलून सोबत न्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालाची दुकाने आहेत. तेथे ‘याच मॉडेलचा आहे’ एवढ्या शब्दावर पैसे मोजू नयेत. व्होल्टेज 12 की 24, पिनियनचे दात, फिरण्याची दिशा, बोल्टच्या भोकांचे अंतर, सारे जुळले पाहिजे. दातांचा फरक फ्लायव्हीलची रिंग खातो, आणि रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग स्वस्त सेल्फ कितीला पडला?

नुसते कार्बन व बुश झिजले असतील तर आपलाच सेल्फ दुरुस्त करून घ्यावा. आर्मेचर जळले असेल तर मात्र नवा बरा. दुरुस्त केलेला माल विकणाऱ्या बंधूंनीही काय काय बदलले ते पावतीवर लिहून द्यावे.