शिकवून विकणारा कारखानदार

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईत आले ते चित्रकार व्हायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना दृष्टीत रंगदोष असल्याचं कळलं आणि रंग सुटले; रेघ मात्र हातात राहिली. त्या रेघेच्या जोरावर ते व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक आरेखनाचे शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तशी त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. मास्तरकी मात्र अंगात मुरली होती, आणि त्यांच्या उद्योगाचं मर्म मला तिच्यातच दिसतं.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचं सायकलींचं दुकान होतं. सायकल खपवायची तर आधी गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवणं भाग होतं. ते काम रामूअण्णा करत.

खरी कसोटी लागली ती त्यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतले तेव्हा. लाकडी नांगर माती नुसती चिरत जातो. लोखंडी नांगराच्या फाळामागचा वळणदार भाग ती उचलून पालथी घालतो, त्यामुळे हराळी-कुंद्यासारखं हट्टी तण मुळासकट उघडं पडतं. पण लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. अडाणी म्हणून लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला झिडकारलं नाही. शंका घेणारा विद्यार्थी मास्तराला नवा नसतो.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेनं त्यांच्या कारखान्याची जागा घेतली, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडलजवळ निवडुंगानं भरलेला माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीची राखण सोपवलेली होती. माणूस घडवता येतो, हा विश्वास शिक्षकाचाच.

आज उद्योजकतेचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले आहेत. भांडवल कसं उभारावं, हे त्यात शिकवतात. नवी वस्तू लोकांच्या गळी उतरेपर्यंत धीरानं समजावत कसं राहावं, हे क्वचितच. लक्ष्मणरावांचं चरित्र तिथं पहिल्या तासाला शिकवायला हवं.